पीएचपी : ऐच्छिक डिपेन्डन्सी कन्स्ट्रक्टरमध्ये कशी घ्यावी?

प्रश्न (सांगली)
नमस्कार. मी मार्केट यार्डातील हळदीच्या अडत्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहितो. सौदा झाल्यावर शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) तयार करणाऱ्या क्लासला डेटाबेस लागतोच. लॉगर (कामाच्या नोंदी ठेवणारा क्लास) आणि एसएमएस पाठवणारा क्लास या डिपेन्डन्सी, म्हणजे बाहेरून द्यायचे ऑब्जेक्ट, मात्र काही पेढ्यांना हव्या असतात, काहींना नको. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) हे दोन्ही पॅरामीटर मी नलेबल, म्हणजे रिकामे (नल) चालतील असे, ठेवले आहेत आणि प्रत्येक मेथडमध्ये नलची तपासणी लिहितो. एका ठिकाणी ती राहून गेली आणि ऐन सौद्याच्या दिवशी पट्ट्या अडकल्या. या दोन्ही गोष्टी सेटरने (ऑब्जेक्ट तयार झाल्यावर बोलावायच्या वेगळ्या मेथडने) द्याव्यात का?

उत्तर (सातारा)
सेटर टाळावा, असे मला वाटते. सेटर बोलावायचा राहिला तर ऑब्जेक्ट अर्धवटच राहतो आणि नलची तपासणी काही सुटत नाही. पीएचपी ८.० मधील नलसेफ ऑपरेटरने (नल असल्यास पुढची मेथड बोलावत नाही) ती लहान होते, परंतु प्रत्येक ठिकाणी आठवणीने लिहावीच लागते. त्याऐवजी इंटरफेस (क्लासमध्ये असायलाच हव्यात अशा मेथडची यादी) पाळणारा, पण काहीही न करणारा क्लास द्यावा. लॉगरसाठी तो लिहिण्याचीही गरज नाही, कारण पीएसआर-३ (लॉगरच्या इंटरफेसचे सामायिक मानक) च्या पॅकेजमध्ये असा काहीही न करणारा नललॉगर तयार आहे. पीएचपी ८.१ पासून पॅरामीटरच्या डिफॉल्टमध्येच न्यू वापरता येत असल्याने कन्स्ट्रक्टरमध्ये नललॉगरचा नवा ऑब्जेक्ट डिफॉल्ट ठेवला, की पॅरामीटर नलेबल राहत नाही आणि आतील सर्व तपासण्या काढून टाकता येतात.

उत्तर (मिरज)
लॉगरबाबत सहमत आहे; एसएमएसबाबत नाही. लॉगर नसला तरी पट्टीतला आकडा बदलत नाही, म्हणून तो खऱ्या अर्थाने ऐच्छिक आहे. एसएमएस मात्र गावी परतलेल्या शेतकऱ्याला दर कळवतो. तिथे काहीही न करणारा क्लास डिफॉल्ट ठेवला आणि कंटेनरच्या (ऑब्जेक्ट बनवून एकमेकांना जोडून देणाऱ्या भागाच्या) कॉन्फिगरेशनमध्ये खरी नोंद करायची राहिली, तर कोणतीही चूक न दिसता संदेश जाणे थांबेल. तुमच्या पट्ट्या अडकल्या तेव्हा निदान लगेच कळले तरी. म्हणून एसएमएसचा पॅरामीटर डिफॉल्टशिवाय, सक्तीचा ठेवावा आणि ज्या पेढीला संदेश नको तिच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'संदेश-बंद' असा क्लास स्पष्टपणे नोंदवावा.

प्रश्नकर्ता
लॉगरचा बदल आज केला. अकरा तपासण्या निघाल्या. एसएमएसचा पॅरामीटर सक्तीचा करताच एका पेढीच्या कॉन्फिगरेशनमध्ये त्याची नोंदच नव्हती, हे उघड झाले. त्या पेढीला संदेश हवे होते. दोघांचे मनापासून आभार.