आवरायला घेतलं की काम आठवणींच्या वस्तूंपाशीच अडतं, क्रम कसा लावावा?

प्रश्न

दोन कपाटं आणि माळ्यावरची खोकी रिकामी करायची आहेत. रोजच्या वापराच्या वस्तूंचं फारसं अडत नाही. अडतं ते जुने कागद-फोटो, सोडून दिलेल्या चित्रकलेचं सामान आणि संपलेल्या नात्यातली पत्रं-भेटवस्तू यांच्यापाशी. एखादं पत्र हाती लागतं, वाचत बसायला होतं आणि संध्याकाळी सगळं पुन्हा खोक्यात कोंबलं जातं. नुसती जागा मोकळी करायची नाही, त्या काळातून मनानंही बाहेर पडायचं आहे. क्रम काय ठेवावा? एका बैठकीत किती काम काढावं? आणि मनाचं काम वस्तूंच्या आधी करायचं की नंतर?

प्रतिसाद १

पत्रं अगदी शेवटी. सुरुवात अशा ठिकाणी करा जिथे जीव अडकलेला नाही: मुदत संपलेली औषधं, कशाच्या ते न आठवणाऱ्या वायरी, रिकामी खोकी. "ठेवू की काढू" हे ठरवायची सवय लागते, आणि ती हलक्या वस्तूंवर लागली तरच जड वस्तूंपाशी उपयोगी पडते.

अख्खं कपाट पलंगावर ओतू नका. काम फसतं ते बहुतेक इथेच. चार तासांनी डोकं थकतं, झोपायला पलंग लागतो आणि सगळं होतं तसं आत जातं. एका वेळी एक खण, फार तर ४० मिनिटं. त्यातली शेवटची १० मिनिटं फक्त बाहेर काढलेलं मार्गी लावायला. जवळ तीन पिशव्या ठेवा: द्यायचं, टाकायचं, दुसऱ्या खोलीतलं. तिसरी पिशवी महत्त्वाची, कारण ती नसली की एक वस्तू जागेवर ठेवायला उठलेला माणूस त्या खोलीतच रमतो.

"ठरत नाही" असं एकच खोकं करा. चिकटपट्टी लावून वर सहा महिन्यांनंतरची तारीख घाला. मधे काही लागलं तर तेवढंच काढायचं, उरलेलं त्या तारखेला न चाळता द्यायचं. म्हणूनच त्यात कागद अजिबात घालू नका. आणि दुसरं खोकं लागायला लागलं तर समजा की निर्णय टाळले जातायत. त्या दिवशी थांबा.

द्यायच्या पिशव्या कधी आणि कुठे जाणार हे काम सुरू करण्याआधी ठरवा. दाराशी तीन आठवडे पडलेल्या पिशवीतून वस्तू हळूहळू परत कपाटात जातात.

प्रतिसाद २

कागद, फोटो आणि चित्रकलेचं सामान याबद्दल.

गुळगुळीत कागदावरच्या छापील पावत्या उष्णतेनं आणि काळानं पुसट होतात. हमीसाठी लागणाऱ्या असतील तर आजच त्यांची प्रत काढा. कोऱ्या दिसणाऱ्या झाल्या असतील तर ठेवून उपयोग नाही. जन्म, शिक्षण, मालमत्ता आणि आजारपणाचे कागद वेगळ्या फाइलीत. पत्ता किंवा खातेक्रमांक असलेले बाकीचे फाडताना नुसते दोन तुकडे करू नका, आकडे तुटतील असे बारीक करा.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. आधी पानाचाच फोटो घ्या, मग दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवा. दोऱ्यानंही सुटत नसेल तर आहे तसा राहू द्या. स्कॅन नेहमीच्या आकाराच्या फोटोला ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके, म्हणजे किती बारकावा), अगदी लहान किंवा मोठा करून छापायच्या फोटोला ६००. प्रती दोन आणि दोन वेगळ्या ठिकाणी.

जुना फोन देताना आधी खात्यातून बाहेर पडा, मग सिम आणि मेमरी कार्ड काढा, मग तो पूर्ण कोरा करा. खातं तसंच ठेवून कोरा केलेला फोन पुढच्या माणसाकडे कुलूपबंद राहू शकतो. बॅटरी फुगलेली असेल तर चार्ज करू नका, टोचू-दाबू नका, कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

जलरंगाची ट्यूब कडक झाली तरी फुकट गेलेली नसते. कापून आतला रंग पाण्यात भिजवला की पुन्हा चालतो. ॲक्रिलिक एकदा सुकलं की संपलं, आणि ते वाळून बसलेला ब्रशही क्वचितच वाचतो. त्यामुळे "सगळंच ठेवू" किंवा "सगळंच टाकू" यापेक्षा सामान निम्म्यावर सहज येतं.

प्रतिसाद ३

मनाचं काम आधी की नंतर? थोडं आधी, थोडं नंतर, पण उपसताना नाही. उपसताना पत्र हातात आलं की घडी न उघडता पत्रांच्या खोक्यात टाकायचं. तेवढाच नियम पाळला तरी दिवस वाया जात नाही.

वस्तू सुटत नाही यात तुमचा दुबळेपणा नाही. कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांच्या १९९० च्या प्रयोगात ज्यांना साधा मग मिळाला होता, त्यांनी तो विकायला मागितलेली किंमत विकत घेणारे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. नुसतं "आपलं" झाल्यानं मोल वाढतं. म्हणून प्रश्न उलटा विचारा: ही वस्तू आज आपल्याकडे नसती, तर ती मिळवायला काही केलं असतं का?

चित्रकलेच्या सामानात पैसे कमी आणि "चित्र काढणारे आपण" ही ओळख जास्त अडकलेली असते. येत्या दोन आठवड्यांतल्या दोन तारखा ठरवा आणि त्या दिवशी रंग घेऊन बसा. बसलात तर सामान वापरातलं आहे. दोन्ही तारखा गेल्या तर चित्र काढणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्या.

नात्यासाठी लिहून काढणं उपयोगी पडतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, न थांबता लिहायचं असतं. शुद्धलेखन सोडा. काय घडलं एवढंच नको, काय वाटलं तेही लिहा. लिहून झाल्यावर थोडा वेळ उदास वाटतं, म्हणून झोपण्याआधी नको. रोज जास्तच बिघडत असेल तर थांबा. त्या माणसाला उद्देशून लिहीत असाल तर कागदावरच लिहा. चॅटमध्ये लिहिलेलं चुकून पाठवलं जातं.

त्यानंतर पत्रांचं खोकं उघडा आणि बुटांच्या खोक्याएवढ्या जागेत मावेल तेवढंच ठेवा. विरह किंवा मृत्यू ताजा असेल तर सध्या काहीच नष्ट करू नका.

प्रश्नकर्ता

"ठरत नाही" खोक्यात भेटवस्तू चालतील का? आणि दोघांचे फोटो?

प्रतिसाद १

वापराची भेटवस्तू चालेल. निव्वळ आठवणीची नको, कारण "सहा महिन्यांत लागली का" ही कसोटी तिला लागूच पडत नाही. फोटोत मुलं किंवा दुसऱ्या कुणाचे आईवडील असतील तर तो टाकण्याआधी त्यांना विचारा. घरातल्या दुसऱ्याची वस्तू न विचारता काढली की तो माणूस पुढे प्रत्येक वस्तू घट्ट धरून ठेवतो.

प्रतिसाद ४

एक गोष्ट राहिली. पलंग, शेगडी, दार पसाऱ्यामुळे वापरता येत नसतील आणि बिनकामाची वस्तू सोडतानाही असह्य त्रास होत असेल, तर हा आवरण्याच्या पद्धतीचा प्रश्न नाही. मानसिक विकारांची यादी देणाऱ्या डीएसएम-५ या अमेरिकन ग्रंथात २०१३ पासून अशा साठवणीची स्वतंत्र विकार म्हणून नोंद आहे आणि त्यासाठी विचार-वर्तन उपचार आहेत. अशा घरात नातेवाइकांनी एका दिवसात सगळं काढून टाकलं, तर पसारा बहुधा पुन्हा साचतो, आणि मदत करणाऱ्यांवरचा विश्वास जातो. आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग खोकी.