कोर्टात साक्षीदाराला आधार देणं म्हणजे एका पक्षाची बाजू घेणं का?

पिंपळपान: साक्षीला येणाऱ्या पीडितांना, साक्षीदारांना आधी रिकामं कोर्ट दाखवून आणायचं, बसायला वेगळी खोली, पडदा किंवा व्हिडिओ लिंकवर साक्ष, सोबत एक माणूस, या सोयींवरून एका ग्रुपवर जाम वाजलं. म्हणे हे आरोपीविरुद्ध वातावरण तापवणं आहे. मला अजिबात पटलं नाही. समन्स घेऊन आलेला माणूस, पुकारा कधी होणार कुणी धड सांगत नाही, तोवर आरोपीच्या नातेवाइकांसमोर त्याच कॉरिडॉरमध्ये ताटकळत बसायचं, ते बोलत काहीच नाहीत, नुसतं टक लावून बघतात. मग साक्षीदार फितूर झाला म्हणून आपणच बोंब मारायची.

तिरकस: मी विरोधात. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच एकाला 'पीडित' ठरवून मोकळे! पडदा लावला की बघणाऱ्याला वाटणारच, समोरचा डेंजर दिसतोय. आणि तो सोबतीचा माणूस "असं सांग, ते नको सांगू" म्हणणार नाही याची गॅरंटी कोण देणार?

दुपारची_तारीख: बचावाच्या बाजूने काम करते म्हणून लिहितेय. पढवण्याची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय निघालेत. इंग्लंडच्या अपील कोर्टाने 2005 मध्येच सांगितलंय, कोर्टाची ओळख करून द्या, साक्षीची तालीम नको. तिथल्या 1999 च्या कायद्यात पडदा फक्त आरोपी आणि साक्षीदाराच्या मध्ये, जज, ज्युरी, वकील यांना साक्षीदार दिसलाच पाहिजे, आणि पडद्यावरून आरोपीबद्दल वाईट मत करू नका हे ज्युरीला सांगावं लागतं. उलटतपासणी कुठे थांबतेय?

तिरकस: सांगितलं की डोक्यातून जातं होय!

उगाच_एक: तुम्ही दोघंही संरक्षण आणि आधार यांची मिसळ करताय. आपल्याकडची 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना, जी सुप्रीम कोर्टाने कायदा होईपर्यंत देशभर लागू केली, ती धमकीसाठी, धोका किती याचा पोलिसांचा रिपोर्ट मागवून मग ठरतं. पण बहुतेक साक्षीदारांना बंदूकवाला नकोच असतो, तारीख पुढे गेली तर आदल्या दिवशी एक फोन हवा असतो. नाहीतर सुट्टी काढून यायचं आणि शिपाई म्हणणार, साहेब रजेवर. युनोच्या 1985 च्या जाहीरनाम्यात पण आहे, पीडिताला तारखा आणि केसची प्रगती कळवा. याने कुठल्या आरोपीवर अन्याय होतो सांगा बरं?

तिरकस: फोनला कोण नाही म्हणतंय. पण मग बचावाच्या साक्षीदारालाही करा की, तोही घाबरतोच.

दुपारची_तारीख: इंग्लंड-वेल्समधली साक्षीदार सेवा दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांना मिळते.

तिरकस: तसं असेल तर निम्मा विरोध मागे. पडद्याचा निम्मा ठेवतो.

पिंपळपान: फक्त दोन्ही बाजूंना एकाच खोलीत बसवू नका म्हणजे झालं 😄 आणि दोन खोल्या मागितल्या की जागा नाही हे उत्तर तयारच असेल.