मागच्या वाफ्यावरचा पाला कोणी उचलला?

देशपांडे वहिनी (ब-१०४): सोसायटीतील सर्वांना नमस्कार. फाल्गुनापासून जमवलेला कडुनिंबाचा पाला आज सकाळी पुन्हा कचरागाडीत गेला. तो कचरा नव्हता, वाफ्यावरचे आच्छादन होते, आणि हे बैठकीत ठरले होते. झाडणाऱ्या भैयाला कोणी सांगितले, ते कृपया कळवावे.

कुलकर्णी काका (अ-२०१): मी सांगितले. स्वच्छतेत आपल्या इंदूरचा देशात वर्षानुवर्षे पहिला क्रमांक आला आणि आपल्या मागे वीतभर पाला पडलेला असतो. त्यात डास होतात.

देशपांडे वहिनी: काका, आपल्या आग्रहाचा मला आदर आहे, पण डास अंडी घालतात ती साचलेल्या पाण्यात, कोरड्या पाल्यात नव्हे. काल भर दुपारी मी वाफ्यात बोट खुपसून पाहिले, तर पाल्याखाली दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली, आणि शेजारच्या उघड्या काळ्या मातीला करंगळी जाईल एवढी भेग पडलेली होती.

समीर (क-३०२): हाच विचार ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रीतीने चालणारी टिकाऊ शेती, या नावाने मांडला. फार लांब कशाला, आपल्याच मध्य प्रदेशात होशंगाबादजवळ (आताचे नर्मदापुरम) रसूलियाला जपानचे नैसर्गिक शेती करणारे फुकुओका यांच्या पद्धतीने, जमीन न नांगरता, ‘ऋषी-खेती’ झालेली आहे.

कुलकर्णी काका: डासांचे काय, ते सांगा.

जोशी काकू (अ-१०३): गेल्या वर्षी टोमॅटोसाठी प्रत्येक घराने दोनशे रुपये दिले आणि रोपे मे महिन्यात वाळली. तेव्हाही असेच समजावले होते, एवढेच नमूद करते.

देशपांडे वहिनी: काकू, चूक माझीच होती. टोमॅटो दर हंगामाला नव्याने लावावा लागतो आणि उन्हाळ्यात सतत पाणी मागतो. एकदा लावून वर्षानुवर्षे खाता येईल असे काही आधी निवडायला हवे होते. म्हणून यंदा पावसाच्या तोंडावर शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी रोवावी, त्याच्या विरळ सावलीत हळद आणि आले लावावे, कुंपणावर तोंडलीचा वेल चढवावा आणि रोज हाताशी लागणारा कढीपत्ता जिन्याजवळ असावा. यासाठी वर्गणी नको.

मोघे मामा (क-१०१): अळू लावणार असाल तर वड्यांसाठी माझे नाव पहिले लिहा.

जोशी काकू: काळ्या देठाचाच लावा, आणि चिंच घालायला विसरू नका, नाहीतर घसा खाजतो. मागच्या गणपतीत कोणाच्या वड्या खाजल्या होत्या, ते मी सांगत नाही.

मोघे मामा: त्या वड्या आमच्या घरच्या नव्हत्या.

कुलकर्णी काका: पुन्हा विचारतो, डासांचे काय? टाकी भरून वाहिली की मागे डबके होते, हे मी दोन वर्षे लिहितो आहे आणि कोणी मनावर घेत नाही.

देशपांडे वहिनी: काका, हे मात्र आमचे चुकले. अळूला नेमकी तीच ओल हवी असते. डबक्यापासून वाफ्यापर्यंत उतरता चर खणला तर पाणी जमिनीत मुरेल आणि डासांना जागाच उरणार नाही.

कुलकर्णी काका: आधी चर खणा. पाणी थांबत नाही, हे मी स्वतः पाहीन आणि मग भैयाला पाला राहू दे म्हणून सांगेन. कुदळ माझ्याकडे आहे.

देशपांडे वहिनी: रविवारी सकाळी सात वाजता टाकीपाशी भेटू.