सात वर्षं एकत्र राहिलं की अर्धा फ्लॅट? कुठल्या कायद्यात?

भुईचाफा
काल एकाने छातीठोक लिहिलं, 'लिव्ह-इनमध्ये सात वर्षं काढली की बाई कायद्याने बायकोच, वेगळं होताना घर निम्मं-निम्मं.' खाली वाहवा. डोकंच सटकलं. असं कलम कुठेही नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ बघा: ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा वाटा, पुरावाच नसेल तर समान धरतात. नाव एकाचंच असेल तर दुसऱ्याने बसावं बोंबलत. फॅमिली कोर्टही नाही, ते लग्न झालेल्यांसाठी. तुम्ही दिवाणीत, शेताच्या बांधावरून भांडणाऱ्या भावांमागे रांगेत.

माझ्या मैत्रिणीच्या पगारातून किराणा, स्वयंपाकाच्या मावशी, लाइट बिल, त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. हप्ता त्याच्या खात्यातून, कारण 'हिशेब सोपा पडतो'. अ‍ॅग्रीमेंटवर नाव त्याचं. निघाली तेव्हा तिच्याकडे पावती होती ती फक्त फ्रिजची.

कोथरूडकर
मग लग्न करायचं होतं! बंधन नको, वाटा मात्र हवा.

भुईचाफा
लग्न करून काय दिवे लागले असते, काका? हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. पोटगी मागा, ती वेगळी. नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत पास झालं आणि पुढे लोकसभेत मेलं. निम्मं हवं तर गोव्यात जा, तिथल्या कायद्यात नवरा-बायकोचं निम्मं-निम्मं.

फोंडेकर
बीचवर हार घातले म्हणून मिळत नाही हां. आमच्याकडे सिव्हिल रजिस्ट्रेशन लागतं, आणि आधी वेगळा करार केला नसेल तरच निम्मं. लिव्ह-इनवाल्यांना इथेही भोपळा.

हप्तेबाज
फक्त बायकांचंच रडगाणं का? एकट्या बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट, म्हणून ८० लाखांचा फ्लॅट तिच्या नावावर घेतला. ८० हजार वाचले म्हणून पार्टी केली. डाउन पेमेंट माझं, हप्त्याचे पैसे दर महिन्याला मी तिच्या खात्यात टाकायचो. आता वकील म्हणतात, 'पैसे माझे, घर माझं' म्हणालात तर तो बेनामी व्यवहार, म्हणजे पैसे एकाचे नि नाव दुसऱ्याचं; बेनामी कायद्याचं कलम ४ दावाच लावू देत नाही. 'प्रेमाने दिले' म्हणालात तर घर तिचंच. बायकोच्या नावावर घेतलं असतं तर बेनामी कायद्यात सवलत आहे. मैत्रिणीला नाही.

रातराणी७२
ती सूट बायकांची घरं व्हावीत म्हणून आहे, पुरुषांनी बाईआड लपून ८० हजार वाचवावेत म्हणून नाही. बरं झालं!

हप्तेबाज
ताई, तुमचं घर कुणाच्या नावावर आहे?

रातराणी७२
वडिलांचं होतं. भावाने 'नुसती सही' म्हणून हक्कसोडपत्र करून घेतलं माझ्याकडून. दरवर्षी राखीला पाचशे रुपये देतो. अजून काही विचारायचंय?

कोथरूडकर
म्हातारपणी आईवडिलांना कोण बघतं, तो भाऊच ना?

रातराणी७२
आईला मी बघते. तुम्ही मध्ये पडू नका!

फोंडेकर
राखीवरून पुढचे शंभर प्रतिसाद पक्के. चालू द्या.

निवांत
मूळ विषयावर येऊ का? भुईचाफा, तुमचं चित्र अर्धवट आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा 'लग्नासारख्या' नात्यातल्या बाईलाही त्या घरात राहण्याचा हक्क देतो. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणात त्याच्या कसोट्या घालून दिल्या. नुसतं वीकेंडला भेटणं त्यात बसत नाही.

भुईचाफा
राहण्याचा हक्क, मालकीचा नाही. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याच घरात राहायचं, वा! आणि तो आधीच विवाहित आहे हे तिला ठाऊक असेल तर? २०१३ चा इंद्रा सरमा निकाल वाचा. तेवढंही नाही.

निवांत
बरं बाई, मालकीचं मान्य. मग हेही घ्या: सामोपचाराने घर दुसऱ्याच्या नावे करायचं तरी महाग. नवऱ्याने बायकोला घर बक्षीस दिलं तर मुद्रांक २०० रुपये. लिव्ह-इनमध्ये पूर्ण मुद्रांक, वर घेणाऱ्याला इन्कम टॅक्स, कारण असा जोडीदार कायद्याने 'नातेवाईक' नाही.

हप्तेबाज
म्हणजे सरकारला आम्ही कोणीच नाही, फक्त करदाते.

कोथरूडकर
एक विचारतो, चेष्टा नको. मुलीने आणि 'त्या' मुलाने वाकडला बुकिंग केलंय. परवा कळलं. लग्नाचं काढलं की ती फोन ठेवते. करारात कोणाचे किती टक्के, हे लिहिता येतं का?

निवांत
येतं, बिल्डरकडे आग्रह धरा. डाउन पेमेंट ज्याच्या त्याच्या खात्यातून जाऊ दे, हप्तेही. पण कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर बँक एकाकडूनही सगळं वसूल करते, टक्के तिथे चालत नाहीत. हे तिला आधी सांगा.

कोथरूडकर
मी सांगितलं तर ऐकणार नाही. भुईचाफा, तुमची ती मैत्रीण बोलेल का तिच्याशी?