रोजच्या लिखाणाला धूसर निळी शाई? माझा ठाम विरोध

निपाणीचा मास्तर
निबवेड्या, तुझं कालचं वाचलं आणि ते डोक्यातनं जाईना, म्हणून सकाळचा चहा व्हायच्या आत लिहायला बसलोय. तू लिहिलंस की पायलट कंपनीची इरोशिझुकू शिन-काई ही शाई आणली, जपानीत त्याचा अर्थ खोल समुद्र, रंग धड निळा नाही धड करडा नाही, जुलैत आपल्या बेळगावच्या राजहंसगडावर ढग उतरतात तसला, डोळ्याला शांत वाटतो आणि आता रोज हीच. इथवर माझं काही म्हणणं नाही, तुझा पैसा तुझी हौस. खरं शेवटी "रॉयल ब्लू ही शाळकरी शाई, मोठ्या माणसानं त्यातनं बाहेर यावं" असं लिहिलंस ते मला लागलं.

34 वर्षं मराठी शाळेत शिकवलं, पेपरांचे गठ्ठे तपासले. रात्री दहाला ट्यूबलाइटखाली साठावा पेपर हातात आला आणि तो असल्या मेलेल्या रंगात असला की काय होतं ते मला विचार. पोरगं हुशार असतं, उत्तर बरोबर असतं, खरं डोळा ओळीवर टिकतच नाही, परत परत मागं यावं लागतं. उन्हात दिसणारा निळा ट्यूबखाली राखाडी होतो, आणि त्यात बारीक निब असली तर अक्षर म्हणजे नुसती सावली. रोजचं लिखाण म्हणजे उद्या कुणीतरी वाचायचं लिखाण. दुकानाचा हिशेब, पोराची वही, दुधाचा खाडा, चिठ्ठी. तिथं रंगाचा मूड कसला बघतोस?

आणि शाळकरी म्हणजे हलकं काय? दांडेकरांनी 1931 ला मुंबईत घोडा छाप शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली, तिथनं पुढं कॅमल आली, आणि त्या शाईवर आपल्या इथल्या दोन पिढ्या लिहायला शिकल्या. माझी पहिली सही त्याच निळ्यात आहे.

टिळकवाडीचा निबवेडा
सर, आधी माफी मागतो. शाळकरी हा शब्द चुकला, तुम्हाला दुखवायचं नव्हतं.

खरं बाकीचं मी मागं घेणार नाही. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर स्क्रीनवर मायक्रॉनचे आकडे बघायचे आणि रात्री घरी येऊन चार पानं लिहायची, गेली सहा वर्षं रोज. पांढऱ्याशुभ्र कागदावर गडद निळी ओळ मला टोचते, खरंच टोचते. ही शाई घातल्यापासनं मी जास्त लिहितोय. मिडियम निबला एकाच अक्षरात वळणावर गडद आणि उभ्या रेघेत फिकट अशी छटा उतरते, ती बघत लिहायला बरं वाटतं. माझं लिखाण कुणी तपासणार नाही की सर, मग दुसऱ्याच्या डोळ्याचा हिशेब मी का करू?

आणि टिकण्याचंच म्हणाल तर तुमची रॉयल ब्लू आधी हरते. बऱ्याच कंपन्यांच्या त्या बाटलीवर वॉशेबल असं सरळ छापलेलं असतं, कपड्यावरनं धुऊन निघावी म्हणून तो रंग तसा केलेला असतो.

शहापूर साडीवाला
मास्तरांशी सहमत. आमच्याकडं वडिलांपासनं खातं हातानं लिहितात. फिकट शाईतला 1 आणि 7 कळत नाही आणि गिऱ्हाइकाशी भांडण होतं. आणि चेकचं तर विचारूच नका. आता तर काळी शाई पण चालत नाही म्हणून नियम आलाय, सगळ्यांनी लक्षात ठेवा.

कॅम्पातला
साडीवाले काका, तो काळ्या शाईचा मेसेज खोटा आहे. जानेवारी 2025 मधे केंद्र सरकारच्या पीआयबीनं तो खोटा म्हणून जाहीर केलंय, रिझर्व्ह बँकेनं असा काही नियम केलेला नाही. पुढं पाठवू नका. बाकी निबवेड्याचं बरोबर आहे, ज्याची वही त्याचा रंग.

शहापूर साडीवाला
असंल खोटा. खरं 1 आणि 7 चं मी माझ्या गल्ल्यावरचं सांगालोय, ते कुठल्या मेसेजमधलं नाही.

सदलग्याची अक्का
तुम्ही दोघं रंगावर भांडताय म्हणून मी माझ्या घरातलं सांगते. 2019 च्या ऑगस्टात दूधगंगेचं पाणी आमच्या घरात शिरलं. माळ्यावर जेवढं चढवता आलं तेवढं चढवलं, वडिलांची ट्रंक तेवढी खाली राहिली. सहा दिवसांनी उघडली. त्यांच्या शेताच्या वह्या होत्या, कुठल्या वर्षी ऊस कधी लावला, विहिरीला पाणी कुठवर होतं, माझ्या जन्माची तारीख, आजी गेली तो दिवस. पानं एकेक करून दोरीवर वाळत घातली. रॉयल ब्लूची पानं म्हणजे नुसता निळा डाग, अक्षर एक नाही. बॉलपेनचं राहिलं. आणि 1974 ची एक जुनी वही ब्लू-ब्लॅकनं लिहिलेली, ती राहिली, वरचा निळा सगळा वाहून गेला आणि खाली करडं अक्षर तसंच. माझ्या जन्माची ओळ त्या वहीत होती म्हणून मला वाचायला मिळाली.

मास्तर, तुम्ही करड्याला मेलेला रंग म्हणालात. आमच्या घरात शाईतलं जे जगलं ते करडंच होतं. आणि निबवेडा दादा, कुणी वाचणार नाही असं माझे वडील पण म्हणायचे.

टिळकवाडीचा निबवेडा
अक्का, याच्यावर मला लगेच काही बोलता येईना. उद्या लिहितो.

वकिलाचा कारकून
अक्कांनी मुद्द्याला हात घातला. मी कोर्टाच्या कामात वीस वर्षं कागदच बघालोय. आत्ता आमच्याकडं खानापूर भागातला एक वाटणीचा दावा आहे, त्यातला खापरपणज्याचा कागद जुन्या मोडी लिपीत, बोरूनं लिहिलेला, काजळाची शाई. कोपरे वाळवीनं खाल्लेत खरं अक्षर अजून कुळकुळीत, कारण काजळ म्हणजे कार्बन, त्याला उन्हाचं काय सोयरसुतक नाही. त्याच पुडक्यात 1980 च्या सुमाराचा निळ्या शाईतला मसुदा आहे, घडी पडते तिथं अक्षरच नाही. आता सांगा कुठली शाई शाळकरी?

आणि खरी बोंब पुढं आहे. तो मोडी कागद वाचणार कोण? 1956 पर्यंत हा बेळगावचा भाग मुंबई राज्यात होता, जुना बराच व्यवहार मराठीत, तोही पुष्कळदा मोडीत. आता कर्नाटकात, कचेरीत गेलं की कन्नडमधे करून आणा. मोडी वाचणारा शोधा, मग मराठीत उतरवा, मग कन्नड करणारा शोधा, प्रत्येकाला पैसे द्या, आणि अशील बिचारा दर महिन्याला एसटीनं हेलपाटे घालतोय. शाई शंभर वर्षं टिकली, त्याचा त्याला उपयोग काय?

कॅम्पातला
आलं. शाईच्या बाटलीतनं पण 1956 काढलंच.

वकिलाचा कारकून
काढायला कशाला लागतंय, आमच्या टेबलावर रोज तेच पडलेलं असतंय. तुम्हाला हौशीचं बोलायचं असेल तर बोला, मी पोटापाण्याचं बोलालोय.

कॅम्पातला
माझी आई कन्नड, बाबा मराठी. असला विषय निघाला की घरात कोण गप्प बसतं ते मी लहानपणापासनं बघितलंय, म्हणून राग येतो. मोडी कुणी काढून घेतली तुमची? मराठी माणसानंच सोडली. छपाई बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आली, शाळेतनं मोडी गेली, पुण्यात तरी गल्लोगल्ली मोडी वाचणारे बसलेत काय? तो दोष कन्नडच्या माथी मारू नका.

वकिलाचा कारकून
सोडली, होय. ते खरं आहे. खरं पुण्यातल्या माणसाला मोडी वाचून घेतल्यावर ते परत दुसऱ्या भाषेत आणा म्हणून कोण सांगत नाही.

कॅम्पातला
तिकडं महाराष्ट्रात, जतला माझ्या मामाला हेच उलट ऐकावं लागलं. कागद कन्नडमधला, मराठीत करून आणा. त्याचं काय?

वकिलाचा कारकून
तेही चूकच. मान्य आहे. खरं त्यानं माझ्या अशिलाचं काम होत नाही.

निपाणीचा मास्तर
दोघंही थांबा बघू. तुमचं दोघांचं दुखणं एकच आहे आणि तुम्ही एकमेकांवर ओरडताय. शाईवर या.

अक्का, तुमचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं. रॉयल ब्लू टिकत नाही हे मला मान्य करावं लागतंय, मनाला बरं वाटत नाही, खरं करतो. तरी निबवेड्याची शिन-काई पण त्या पाण्यात टिकली नसती. तेव्हा माझं म्हणणं तसंच उभं आहे.

खडेबाजार पेनवाला
तुम्ही सगळे करडा करडा म्हणताय आणि दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवताय. इरोशिझुकूतला करडा म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, डाय. छान वाहते, निबला त्रास नाही, खरं पाणी पडलं की बहुतेक जाणार. अक्कांच्या वहीतला करडा बहुतेक लोखंडाचा. मायफळ आणि हिराकस यांची ती जुनी शाई, लिहिताना तिला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, दिसावं म्हणून निळा मिसळतात, आणि कागदावर हवा लागली की लोखंड काळं पडत जातं. ब्लू-ब्लॅक हे नाव तिथनं आलं. निळा धुतला गेला तरी लोखंड कागदाच्या धाग्यात बसलेलं असतं.

तसली शाई आजही मिळते. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक तीच. आणि निबवेड्याला जो रंग पाहिजे तो जर्मनीच्या रोहरर-क्लिंगनरच्या सॅलिक्समधे आहे, निळी लिहिते आणि वाळून धूसर करडी-निळी होते. म्हणजे रंग तुझा आणि टिकणं अक्कांचं. फक्त ती आम्लाची शाई आहे, पेनात महिना महिना ठेवून विसरलास तर स्टीलची निब खराब होऊ शकते. दोन-तीन भरणीनंतर साध्या गार पाण्यानं पेन धू. गार म्हणतोय मी. आजकाल व्हिडिओ बघून पोरं निबेखालची जीभ उकळत्या पाण्यात टाकतात, एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची जीभ वाकडी होते आणि मग शाई गळते म्हणून माझ्याकडं येतात, मी काय करणार? जुन्या पेनांच्या तसल्या जिभा आता कुठनं आणू? या एका गोष्टीनं चांगली चांगली पेनं वाया गेलेली मी बघितलीत आणि दर वेळी जीव जळतो.

आणि पावसाळ्यात कागद सर्दावतो, तेव्हा चांगली शाई पण फुटते. जुलैत शाईची परीक्षा घेऊन तिला नावं ठेवू नका. वही डब्यात ठेवा.

टिळकवाडीचा निबवेडा
उद्या म्हणालो आणि तीन आठवडे लागले. पेनवाल्या काकांनी सांगितल्यावर सॅलिक्स मागवली. एकाच लाँगबुकच्या पानावर चार ओळी लिहिल्या: कॅमल रॉयल ब्लू, शिन-काई, सॅलिक्स, आणि काळी कार्बन. अर्धं पान दक्षिणेच्या खिडकीला चिकटवलं, अर्धं वाटीभर पाण्यात रात्रभर.

पाण्यात रॉयल ब्लू गेली. शिन-काईचं पाणी गढूळ झालं आणि मागं इतकी अंधुक रेघ राहिली की मी काय लिहिलंय ते मला माहीत होतं म्हणून वाचता आलं. सॅलिक्सचा निळा उतरला, करडं अक्षर राहिलं. कार्बन जशीच्या तशी. खिडकीतल्या पानावर शिन-काई मला वाटलं होतं त्यापेक्षा बरी राहिली, रॉयल ब्लू फिकी पडली.

अक्का, रात्रीच्या वहीत आता सॅलिक्स भरलीय. आत्तापर्यंतच्या सहा वर्षांतल्या बऱ्याच वह्या डायच्या शाईत आहेत. त्या आता स्कॅन करायला बसलोय.

निपाणीचा मास्तर
सॅलिक्सला माझी हरकत नाही. शिन-काईला आहे. आणि जाड निब लाव, बारीक निबला ती पण सावलीच पडणार. नातीच्या वहीत मात्र रॉयल ब्लूच राहील, तिला ती आवडते.

सदलग्याची अक्का
दादा, स्कॅन झाल्यावर वह्या टाकू नको. ट्रंक वर ठेव.

कॅम्पातला
कारकून साहेब, त्या दिवशी मी जरा जास्त बोललो. बाबांनी निवृत्तीनंतर मोडीचा वर्ग केलाय, सराव हवाच असतो त्यांना. कागदाचे फोटो पाठवा, ते मराठीत उतरवतील. कन्नड मी आणि आई मिळून करतो. कचेरीत चालणारा शिक्का आमच्याकडं नाही, खरं आत काय लिहिलंय ते तरी अशिलाला कळेल.

वकिलाचा कारकून
मी पण बोललो. फोटो आज संध्याकाळी काढतो, उजेड असतानाच, फ्लॅश न मारता. सात पानं आहेत. तारीख 18 ला आहे, त्याआधी पहिली दोन झाली तरी पुरे.