कामाच्या जागी पाय घट्ट कसे रोवलेत? अनुभव लिहा

गेजवाली
आज नाशिक फाट्याला मेट्रोत चढले. शेजारी आयटीआयची एक मुलगी मोबाईलवर मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं हत्यार) वाचायचा व्हिडिओ बघत होती. सगळं आठवलं. भोसरीत इन्स्पेक्शनला लागले तेव्हा खात्यात एकटीच बाई. माप चुकलं म्हणून शाफ्टचा (मशीनच्या गोल दांड्यांचा) लॉट अडवला की सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणायचे, "ताई, तुमचा हात हलला असेल." घशातून आवाज निघायचा नाही. मग एक नेम धरला. आधी शून्य तपासायचं, रॅचेट (दाब सारखा ठेवणारी टोकाची फिरकी) फिरवूनच माप घ्यायचं, दोन्ही टोकांना आणि मध्ये, आणि वेळेसकट वहीत लिहायचं. पुढे एकदा आवाज चढला तेव्हा वही आणि मायक्रोमीटर दोन्ही पुढे केले. "साहेब, तुम्ही मोजा." त्यांनी मोजलं. लॉट थांबला. त्यानंतर बोलताना माझा आवाज कापला नाही.
तुमचंही लिहा ना.

लेथवाला
गरम पीस मोजला नव्हता ना ताई? 50 मिमीचा स्टीलचा शाफ्ट 20 अंशांनी तापला की दहा-बारा मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) फुगतो. आमच्याकडे याच्यावरून रोज भांडणं.

गेजवाली
नाही दादा, पीस थंड होऊ द्यायचे. हेच वाक्य तेव्हा मला सांगता आलं असतं तर!

स्वारगेट डेपो
मी पीएमपीएमएलला कंडक्टर आहे. सुरुवातीला कात्रजच्या गर्दीत लोक ऐकायचेच नाहीत, पुढे सरका म्हटलं की उलट बोलायचे. घरी म्हणाले सोड नोकरी. नाही सोडली. सगळे स्टॉप आणि भाडं पाठ केलं, कुठल्या स्टॉपला गर्दी चढते ते डोक्यात बसलं. आता आवाज न चढवता बस मागून पुढे सरकते. जाते, ड्युटी आहे

चिमणराव_९
काकू कात्रजला दुपारी बस एवढ्या उशिरा का येतात तेवढं सांगा 🙏

ठिणगी
मी वेल्डर. 6जी टेस्ट म्हणजे पाइप वेल्डिंगची अवघड परीक्षा. पाइप 45 अंशांत तिरका बांधलेला, फिरवायचा नाही, आपणच भोवती वाकायचं. माझा रूट (जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर) एक्सरेत परत परत अडकायचा, नेहमी खालच्या बाजूला. बरोबरचे पास होऊन आखाती देशात गेले. आमच्या उस्तादांनी टॉर्च न पेटवता नुसता हात फिरवायला लावला. कोपर कुठे टेकतं, मान कुठे अवघडते, श्वास कुठे अडकतो. आठवडे गेले त्यात. पोरं हसायची. पण शेवटी खालचा भाग बसूनच सुरू करायचा हे अंगात उतरलं आणि एक्सरे स्वच्छ आला. उस्ताद आता नाहीत. नव्या पोरांना मी तसंच शिकवतो.

मनवा
डोळ्यांत पाणी आलं दादा. उस्तादांना नमस्कार.

कर्वेनगरची
माझं लिहिण्यासारखं काही नाही, पण कामावर फार वाईट दिवस गेला की मी हिंगण्याला अण्णांची, म्हणजे महर्षी कर्व्यांची, झोपडी बघून येते. 1893 साली विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी वाळीत टाकलेला माणूस. 1900 मध्ये पुण्याबाहेर माळावर झोपडीत विधवांचा आश्रम आणला आणि तिथून फर्ग्युसनला गणित शिकवायला पायी जायचे. पावसाळ्यातला तो रस्ता डोळ्यांसमोर आणला की माझ्या साहेबांची ईमेल लहान वाटायला लागते. 1958 ला भारतरत्न मिळालं, तेव्हा शंभरीत होते.

पेठेतला
आमच्या आजीची मावशी त्या आश्रमात शिकली. पुढे शिक्षिका झाली. घरी फोटो आहे, शोधतो.

मनवा
शोधाच! वेगळा धागा काढा.

रुखवत
माझी लेक यंदा आयटीआयला मशिनिस्ट. वर्गात मुली दोनच, घाबरते. मायक्रोमीटर स्वतःचा घेऊन देऊ का?

गेजवाली
आधी व्हर्नियरवर (सरकपट्टीचं साधं मापाचं हत्यार) हात बसू दे काकू. मग 0 ते 25 मिमीचा मायक्रोमीटर घ्या. डब्यात ठेवताना तोंड पूर्ण मिटू नका, जराशी फट ठेवायची. रविवारी या तिला घेऊन, मी मोजायला बसवते.

रुखवत
येतो. अकराला चालेल?