फिक्स दिसला तरी बिंदू पुन्हा मोजा
मोबाईलचा जीपीएस काही मीटर चुकतो, मग जमीन मोजणीतला आरटीके (ज्ञात जागी ठेवलेल्या दुसऱ्या रिसीव्हरच्या, म्हणजे ‘बेस’च्या, मदतीने लगेच दुरुस्त होणारी उपग्रह-मोजणी) सेंटीमीटरपर्यंत कसा पोचतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. खरी करामत कॅरिअर लहरीची, म्हणजे उपग्रहाचा संदेश वाहून आणणाऱ्या रेडिओ लहरीची. जीपीएसच्या एल१ नावाच्या लहरीची लांबी जेमतेम १९ सेंमी, आणि तिचा अंश मिलिमीटरपर्यंत मोजता येतो. पण उपग्रहापर्यंत पूर्ण लहरी किती, हे आधी माहीत नसतं. तो पूर्णांक सुटला की रिसीव्हर ‘फिक्स’ दाखवतो, नाहीतर ‘फ्लोट’. फ्लोटवर हद्दीची खूण कधीच रोवू नका! झाडाखाली किंवा भिंतीलगत खोटा फिक्सही (पूर्णांकच चुकलेला) मिळतो, म्हणून रिसीव्हर नव्याने सुरू करून, शक्यतो तासाभराने, तोच बिंदू परत मोजा. शिवाय बेसचे निर्देशांक चुकले तर सगळे बिंदू सारखेच सरकतात, आपसात मात्र छान जुळतात. ही चूक ज्ञात बिंदूवर तपासल्याशिवाय सापडत नाही.